शिवाच्या मानेवरचा गिऱ्हा

भागोजी भगताच्या अंगणात शनिवारी पाय ठेवायला जागा मिळत नसे. तिवरबाव गावचीच नव्हे, खाडीपलीकडची माणसंसुद्धा तरीत, खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसून यायची, चिखल तुडवत वर चढायची आणि नारळ, कोंबडा पुढ्यात ठेवून बसायची. कुणाची मान धरलेली, कुणाची पाठ, कुणाचं नशीबच धरलेलं. भागोजीकडे सगळ्यांना इलाज एकच होता आणि सगळ्यांच्या दुखण्याचं कारणही एकच होतं. गिऱ्हा.

गिऱ्हा म्हणजे खाडीतलं भूत. बुडून मेलेल्याचा जीव पाण्यात राहतो आणि जिवंत माणसाला आत ओढतो, हे कोकणातल्या पोराला चालायला शिकतानाच कळतं. तिवरबावच्या गिऱ्ह्याची खोड मात्र निराळी होती. तो बुडवत नसे. मानेवर बसायचा आणि मान पिरगळायचा. ही बातमी भागोजीनंच आणली होती, आणि ती खोटी आहे असं सांगायला गिऱ्हा काही पाण्याबाहेर येणार नव्हता.

त्या शनिवारी पाटावर धाकू बसला होता. जाळं ओढताना त्याची मान आखडली होती, कुणी हाक मारली की तो खांद्यासकट वळायचा. भागोजीनं लाल फडकं हवेत झटकलं, त्याची जाड घडी करून धाकूच्या मानेभोवती गुंडाळली आणि त्याच्या कानापाशी तोंड नेऊन ओरडला, "कोन रं तू? दर्यात जागा नाय तुला? खाजणात नाय? बारा खाड्यांचा पानी प्यालास आनि आता ह्या गरिबाच्या मानेवर खुर्ची टाकून बसतंस?"

गिऱ्ह्याच्या वतीनं भागोजीच बोलला, जरा नाकातून. "जातंय, जातंय. कोंबडा दे."

खाडीतल्या भुताला मासे सोडून कोंबडाच का लागतो आणि तो भागोजीच्याच चुलीवर का शिजतो, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

ढोल एकदम थांबला. भागोजीनं दोन्ही हातांनी फडकं आवळलं, धाकूची हनुवटी वर केली आणि झटका दिला. कड्. पार शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. बायकांनी डोळे मिटून हात जोडले. धाकूनं भीत भीत मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली आणि ओशाळं हसला.

"उतरला," भागोजी म्हणाला आणि फडकं गुंडाळून त्यानं कमरेला खोचलं.

कुंपणाबाहेर रातांब्याच्या झाडाखाली राही उभी होती. दोन वर्षांत तिनं या अंगणात पाय ठेवला नव्हता. आजही ती नुसती वाटेनं जात होती. पण तो आवाज कानावर पडला आणि ती जागीच थांबली. कारण तो तिच्या ओळखीचा होता. गेली दोन वर्षं चुलीत लाकूड तडकलं तरी तिला तोच ऐकू यायचा.

शिवा तिचा एकुलता एक मुलगा. सतरा वर्षांचा. खाडीच्या तोंडाशी एक काळा कातळ आहे, पोरं त्यावरून सूर मारतात. एका संध्याकाळी शिवानंही मारला. तो बुडाला नाही. आपल्या पायांनी बाहेर आला, आपल्या पायांनी घाटी चढून घरी आला. फक्त दोन्ही हातांनी त्यानं डोकं धरलं होतं, भरलेली कळशी सांडू नये म्हणून धरावी तसं.

"हात सोड की," राही म्हणाली होती.

"नको आये. सोडला का मुंडी पडंल असा वाटता."

राहीचा नवरा केरू तेव्हा रजेवर आला होता. तो मुंबईच्या बंदरात लाँचवर कामाला. दोघांनी मिळून पोराला भागोजीकडे नेलं. भागोजी म्हणाला, "हात ह्याचं नायत. गिऱ्हा हात सोडू देत नाय." त्यानं केरूला शिवाचे खांदे घट्ट धरायला सांगितलं, हात खाली घ्यायला लावले, फडकं गुंडाळलं. मग तो आवाज झाला. शिवा ओरडला नाही. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. छातीत वारा गेला नाही. डोळे मात्र थोडा वेळ जागे होते आणि ते आईकडे बघत होते.

"उशीर केलात," भागोजी म्हणाला. "घेऊन गेला."

आरडाओरड झाली, केरू खाली कोसळला, कुणी पाणी आणायला धावलं. त्या गोंधळात राहीला एक गोष्ट दिसली होती. मेलेल्या पोराकडे बघायच्या आधी भागोजीनं त्याच्या मानेचं फडकं सोडवलं आणि कमरेला खोचलं. तिनं ते पाहिलं आणि तिथंच ठेवून दिलं. दुःखात माणूस काय काय पाहतो, त्याचा अर्थ लावायला त्याला बळ नसतं.

केरू त्यानंतर मुंबईला गेला तो घरी आलाच नाही. पैसे यायचे, माणूस यायचा नाही. राही दर अमावास्येला खाडीवर दहीभाताचा गोळा ठेवून यायची. दिवस मावळला की कुणीतरी ओल्या पायांनी घाटी चढून येतंय असं तिला वाटायचं. पावलं दाराशी थांबायची. ती दाराला कडी लावत नसे. शिवा असला तर त्याला दार बंद दिसू नये, आणि गिऱ्हा असला तर त्यानं आता न्यायचं तरी काय राहिलं होतं.

पण त्या दिवशी रातांब्याखाली उभी असताना तिच्या मनात एक प्रश्न आला आणि तो जाईना. धाकूच्या मानेत झाला तो आवाज आणि शिवाच्या मानेत झाला तो आवाज एकच होता. मग धाकू हसत घरी कसा गेला?

शिमगा आला. मुंबईचे चाकरमानी गावात आले, पालखी नाचली. धुळवडीच्या संध्याकाळी रंग धुवायला पोरं कातळावर गेली आणि सगुणाच्या लवूनं सूर मारला. सगुणा राहीच्या शेजारची. लवू वीस वर्षांचा, मुंबईत गिरणीत लागलेला, पहिल्यांदाच सुट्टी घेऊन आलेला. तोही बुडाला नाही. तोही चालत घरी आला.

दुसऱ्या दिवशी राही त्याला बघायला गेली. लवू ओटीवर उताणा पडला होता. ती आली म्हणून तो उठायला लागला, आणि उठताना त्यानं आधी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

राही दाराच्या चौकटीला टेकली. तिला वाटलं, शिवाच बसलाय. नुसता तसाच नव्हे, तोच.

"हात सोडलास तर काय होता रं?" तिनं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"मुंडी पडंल असा वाटता, काकी," लवू म्हणाला.

सगुणा पाणी घेऊन बाहेर आली. "शनवारी भागोजी उतरवतो म्हनालाय. दुपारी."

"सगुणा, ह्याला दवाखान्यात ने गो. मी पाया पडतंय तुज्या."

सगुणानं तांब्या खाली ठेवला. तिला बोलायचं नव्हतं, पण बोलली. "वैनी, तुज्या शिवाला न्यायला उशीर झाला म्हनून तो गेला. मी पन उशीर करू काय?"

दोन वर्षं राहीनं स्वतःलाही हेच सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी ती पहिल्या तरीनं पलीकडे गेली. तिथं सरकारी आरोग्य केंद्र होतं आणि तिथं नेवरेकर नावाचे तरुण डॉक्टर होते. बाहेर हिवतापाचे रोगी बाकावर बसले होते. राही त्यांना ओलांडून सरळ आत गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. आधी लवूचं. मग शिवाचं.

डॉक्टरांनी विचारलं, "लवूचे हातपाय हलतात?"

"हालतात. आपल्या पायानं आला घरी."

"आणि बसताना डोकं हातांनी धरतो?"

"व्हय. सोडत नाय."

डॉक्टर खुर्चीवरून उठले. "त्याची मान कुणालाही वळवू देऊ नका."

"आज दुपारीच वळवनार हायत," राही म्हणाली.

डॉक्टर तिच्यासोबतच निघाले. होडी भर पाण्यात असताना तिनं विचारलं, "डाक्टर, हाड मोडला का आवाज होतो?"

"होतो कधी कधी. ज्याचं मोडतं त्याला आतून ऐकू येतो. पण मानेचं हाड मांसात दडलेलं असतं. अंगणभर माणसांना ऐकू जाईल असा नाही होत."

"शिवाचा मना ऐकू आला व्हता. मी मागं उभी व्हती. सगळ्यांना आला."

तेवढ्यात पाण्यावरून ढोलाचा आवाज आला. भागोजीनं आज लवकर सुरुवात केली होती. तरवाल्याला कुणी काही सांगितलं नाही, तोच जोरात वल्ही मारायला लागला.

अंगण माणसांनी कोंडलं होतं. शिमग्याला आलेले चाकरमानीही होते. लवू पाटावर बसला होता, डोकं हातात धरून, आणि त्याचे मामा त्याचे खांदे धरायला पुढे सरकत होते. डॉक्टर ओरडले, "थांबा, हात लावू नका त्याला." चारपाच जणांनी त्यांना कुंपणाशीच अडवलं. एकजण समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमचा इंजिक्शान इथं चालायचा नाय. उगीच गिऱ्हा तुमच्याच अंगावर यायचा."

राहीला कुणी अडवलं नाही. तिच्यासाठी माणसं आपोआप बाजूला झाली. जिचा मुलगा गिऱ्ह्यानं नेला त्या बाईचा पदरसुद्धा लागू नये असं त्यांना वाटत होतं. ही दोन वर्षं ती रस्त्यानं चालली की असंच व्हायचं. आज पहिल्यांदाच तिला ते उपयोगी पडलं.

ती लवूच्या पुढे जमिनीवर बसली, भागोजीकडे पाठ करून.

"आधी माजा उतरव," ती म्हणाली.

भागोजी गडबडला. "तुजा काय गो?"

"दोन वरसां बसलाय माज्या मानेवर. दिस मावळला का घाटी चढून येतो. दाराशी थांबतो. पोराचा नंतर कर. आधी माजा."

ती खोटं बोलत नव्हती, आणि ते सगळ्यांना कळलं. एक म्हातारी म्हणाली, "उतरव बाबा तिचा. बघवत नाय." भागोजीला नाही म्हणता येईना. एवढ्या गर्दीसमोर खुद्द गिऱ्ह्याची बाई शरण आलेली, याहून मोठी जाहिरात ती कोणती?

त्यानं फडकं गुंडाळलं. तिला त्याच्या हातांचा वास आला, तंबाखूचा आणि कोंबडीच्या पिसांचा. त्यानं बारा खाड्यांचं पाणी काढलं, खुर्ची काढली, नाकातून कोंबडा मागितला. ढोल थांबला. हनुवटी वर झाली.

कड्.

आवाज तिच्या कानाखाली झाला. तिच्या मानेत काहीच झालं नव्हतं. काहीच नाही. कातडीवर जरासा ताण आला, एवढंच. आणि तिनं दोन्ही हातांनी ते फडकं धरलं.

"सोड गो," भागोजी हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच गिऱ्हा नव्हता. "सोड. गिऱ्हा तापलाय."

तिनं सोडलं नाही. ती उठली तसं फडकं तिच्यासोबत आलं, त्याची घडी उलगडली आणि आतून बांबूच्या वाळक्या कामट्या शेणानं सारवलेल्या अंगणात पडल्या. एक मोडलेली, दोन शाबूत.

भागोजी मोठा हजरजबाबी. "बघा," तो हात वर करून म्हणाला, "गिऱ्ह्याची हाडां. पडली एकदाची."

आणि खरं सांगायचं तर दोघातिघांनी हात जोडलेही. पण धाकू पुढे आला. त्यानं एक कामटी उचलली, उलटसुलट करून पाहिली. "ही मानग्याची हाय," तो म्हणाला. मानगा म्हणजे कोकणातला बांबू, तो तिवरबावात घरोघरच्या परसात होता. "माज्या बेटातली असंल. गेल्या म्हयन्यात भागोजीनं एक कांडा मागून नेला व्हता, टोपली बांधतंय म्हनाला."

त्यानं कामटी दोन हातांत धरून मोडली. कड्.

कुणी हसलं नाही. प्रत्येकाला आपल्या घरातलं कुणीतरी त्या पाटावर बसलेलं आठवत होतं. सगुणा लवूच्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि आपल्या भावांना म्हणाली, "हात काढा त्याच्यावरचं."

मग सगळं डॉक्टरांच्या हातात गेलं. त्यांनी लवूचं डोकं स्वतः दोन्ही हातांनी धरलं आणि त्याला आडवं केलं. दार काढून आणलं, त्यावर त्याला निजवलं, खाडीची वाळू पिशव्यांत भरून डोक्याच्या दोन्ही बाजूंना दाबून ठेवली, कपाळावरून पट्टी घेऊन दाराला बांधली. तरीत आणि पुढं जीपमध्येही त्यांनी डोक्यावरचा हात काढला नाही. राही आणि सगुणा दोघी सोबत होत्या.

रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात लवूला तोंड उघडं ठेवायला लावून त्या उघड्या तोंडातून मानेचा एक्स-रे फोटो काढला. ओली फिल्म खिडकीशी धरून डॉक्टर नेवरेकरांनी ती दोघींना दाखवली.

"हा वरचा मणका. अंगठीसारखा गोल. डोकं याच्यावर टेकतं. आणि हा खालचा. याच्यातून दातासारखा एक सुळका वर अंगठीत गेलाय. त्या सुळक्याभोवती अंगठी फिरते म्हणून आपली मान फिरते. दिसतंय?"

राहीनं मान हलवली, आणि मग आपण मान हलवली हे तिच्या लक्षात आलं.

"इथं ही काळी रेघ आहे. सुळका बुडाशी मोडलाय. आता अंगठीला धरून ठेवणारं काही नाही. लवूला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याच्या अंगाला कळलं. म्हणून तो हातांनी डोकं धरत होता. हात गिऱ्ह्याचे नव्हते, त्याचेच होते. ते त्याला वाचवत होते."

"आनि वळवली असती तर?" सगुणानं विचारलं.

"अंगठी सरकली असती. तिच्यातून मज्जारज्जू जातो, श्वासाचा हुकूम तिथूनच खाली उतरतो. तो चेपला की श्वास थांबतो."

"आवाज?" राही म्हणाली.

"आवाज होत नाही."

दोन वर्षं राही ज्या आवाजानं दचकत होती, तो बांबूचा होता. शिवा गेला त्याचा आवाज झालाच नव्हता.

"मंग माज्या शिवाला गिऱ्ह्यानं नाय नेला?"

डॉक्टरांनी फिल्म खाली घेतली. "मी त्याला पाहिलं नव्हतं. फोटो नाही, काही नाही. पण तुम्ही जे सांगितलंत त्यावरून मला तरी दुसरं काही वाटत नाही. गिऱ्हा नव्हता."

"आनि धाकू?"

"त्याचे स्नायू आखडले होते. शेकलं, विश्रांती घेतली की ते आपोआप सुटतात. त्याचं श्रेय कुणीही घेऊ शकतो."

लवूच्या कवटीला दोन बाजूंनी चिमटा बसवला, त्याला दोरी बांधून पलंगाच्या डोक्याशी वजन लटकवलं. सगुणा पहिल्या दिवशी बघून रडली. लवू छताकडे बघत पडून राहायचा आणि गिरणीतल्या गोष्टी सांगायचा. आंबे संपेपर्यंत तो तसाच होता. मग हाडानं धरलं, तेव्हा कपाळापासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं आणि त्याला घरी सोडलं. पावसाळाभर तो ओटीवर पुतळ्यासारखा बसायचा. श्रावण सरता सरता प्लास्टर निघालं. मान पूर्वीइतकी वळत नाही, कुणी हाक मारली तर थोडं अंगानं वळावं लागतं. पण तो वळतो.

डॉक्टरांनी पोलिसांत तक्रार दिली. शिवाचं दहन होऊन दोन वर्षं झाली होती, सिद्ध काय करणार. भागोजी एका सकाळी गावातून नाहीसा झाला. मंडणगडच्या बाजूला कुणी भगत मान उतरवतो, असं गणपतीआधी कानावर आलं. तिथला गिऱ्हा म्हणे डोंगरातला आहे.

गणपतीला केरू घरी आला. लवूची हकिगत मुंबईत त्याच्या कानावर गेली होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पुनवेच्या संध्याकाळी, राहीनं त्याला चल म्हटलं आणि ती त्याला खाडीवर घेऊन गेली. लवू आणि आणखी चारसहा माणसं मागून आली. सकाळच्या भरतीला कातळ पाण्यात बुडाला होता. आता ओहोटीनं पाणी पार खाली गेलं होतं, पण गढूळ, वरून तळ दिसत नव्हता. राहीनं लुगडं खोचलं आणि ती कातळाच्या कडेनं पाण्यात उतरली.

"राही, नको," केरू म्हणाला.

ती चालत पुढं गेली, जिथं पोरं सूर मारतात तिथपर्यंत. उभी राहिली. पाणी तिच्या गुडघ्याला लागत होतं. पायाखाली वाळू होती, दगडासारखी घट्ट.

"पावसात वाळूचा दांडा इथं सरकून येतो नि मंग वरसभर ऱ्हातो," लवू म्हणाला. "भरतीला वर पुरुसभर पानी असतां. मी ओहोटीला उडी मारली. शिवानं पन तवाच मारली असनार."

केरू पाण्यात उतरला. तिच्यापाशी येऊन उभा राहिला आणि त्यानं पायानं ती वाळू दाबून पाहिली. मग म्हणाला, "खांदं मी धरलं व्हतं."

"व्हय."

"तो हात सोडत नव्हता. मी ओढून खाली घेतला."

"व्हय," राही म्हणाली. "तुमाला ठाव नव्हता. मना पन नव्हता. भागोजीला कामट्या ठाव व्हत्या, पन त्यानं कुनाला सांगितला नाय." तिनं त्याचा हात धरला. मग काठावरच्या माणसांकडे वळून ती मोठ्यानं बोलली, कारण हे ती पुन्हा बोलू शकेल याची तिला खात्री नव्हती. "हा बघा तुमचा गिऱ्हा. गुडघाभर पानी आनि वाळू. उडी मारायची तर आधी पानी मोजा. आनि डोका धरून बसलेला मानूस दिसला तर त्याचा हात सोडवू नका. त्याला फळीवर निजवा नि दवाखान्यात न्या. कोन काय बी सांगंल, कुनाचा बी नाव घेईल. कसा घडला, ते त्याला इचारा. मी इचारला असता तर माजा पोर आज ह्या लवूएवढा असता."

लवू तेवढा पाण्यात आला आणि दोघांना हात देऊन वर घेऊन गेला.

त्या रात्री राहीनं दाराला कडी लावली. ओल्या पायांनी कुणी घाटी चढून आलं नाही. ती पहाटेपर्यंत जागी राहून ऐकत होती, आणि कुणी आलं नाही म्हणून रडली.